गेकोचं ताट बदलताना : नागपूरच्या उन्हाळ्याआधी कोणता किडा, कधी आणि कसा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तेच आहे.

विषय आहे पाळीव गेकोचं खाणं. गेको म्हणजे पालीच्या कुळातला प्राणी. आपल्याकडे घरात पाळला जातो तो मुख्यतः लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपटी आणि पालीला नसतात तशा मिटणाऱ्या पापण्या, ही त्याची ओळख. तो भाजी, फळं किंवा पोळीचा तुकडा खात नाही. तो किडे खातो आणि तेही जिवंत, हलणारे. त्यामुळे गेको पाळणाऱ्याला दोन प्राणी सांभाळावे लागतात, एक गेको आणि दुसरा त्याचं जेवण.

नागपुरात यातला दुसरा प्राणी सांभाळणं जास्त कठीण आहे.

मार्चमध्येच का बोलतोय?

आपल्याकडे चांगले रातकिडे किंवा अळ्या बहुतेक वेळा बाहेरगावाहून पार्सलने मागवाव्या लागतात. थंडीत ते ठीक असतं. एप्रिल उजाडला की पार्सलचा डबा गाडीत, गोदामात आणि डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत तापतो. रातकिड्याला पाणी कमी पडलेलं आणि हवा कोंडलेली अजिबात सोसत नाही. डबा उघडला की अर्धे मेलेले, उरलेले अर्धमेले आणि वर कुजका वास. नवतपा सुरू झाल्यावर तर पार्सल मागवण्यात अर्थच राहत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे लक्षात असू द्या.

मग होतं काय? मे महिन्यात किडे संपतात आणि माणूस घाबरून मिळेल ते आणतो. पक्ष्यांच्या दुकानातले मीलवर्म आणतो, अंगणातले नाकतोडे पकडतो, नाहीतर मोरीतलं झुरळसुद्धा उचलतो. गेको नवीन पदार्थाला तोंड लावत नाही, किंवा लावतो आणि आजारी पडतो. म्हणून आजच्या भागाचं सार एका वाक्यात सांगतो. किडा बदलायचा तर जुना किडा हातात असतानाच बदला. संपल्यावर केलेला बदल म्हणजे बदल नव्हे, ती उपासमार असते.

आधी ताटात काय काय आहे ते बघू

मार्क फिंके नावाच्या पोषणतज्ज्ञाने २००२ मध्ये आणि नंतर २०१३ मध्ये खाद्यकिड्यांचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं. पाळणाऱ्यांच्या चर्चांमध्ये फिरणारे बरेच आकडे तिथूनच आलेले आहेत. १०० ग्रॅम जिवंत किड्यांमागे साधारण हिशेब असा :

- रातकिडा : प्रथिनं २० ग्रॅम, चरबी ७ ग्रॅमच्या आसपास. रोजच्या जेवणासाठी उत्तम.
- मीलवर्म : प्रथिनं १९, चरबी १३. चालतो, पण एकटा नको.
- सुपरवर्म : प्रथिनं २०, चरबी १८. मोठ्या गेकोला अधूनमधून.
- वॅक्सवर्म, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातली मेणकिड्याची अळी : प्रथिनं १४, चरबी २५. ही मिठाई समजा.
- रेशीम अळी : प्रथिनं ९, चरबी फारच कमी, आणि ८० टक्क्यांहून जास्त पाणी. हलकं, पाणीदार खाणं.
- ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी : प्रथिनं १७, चरबी १४.

या यादीत दुबिया नावाचं दक्षिण अमेरिकेतलं झुरळही धरा. प्रथिनांच्या बाबतीत ते रातकिड्याच्या जवळपास आहे आणि मांसल असतं.

यापेक्षा महत्त्वाचा आकडा कॅल्शियमचा आहे. गेकोच्या आहारात फॉस्फरसइतकं तरी कॅल्शियम हवं, दुप्पट असलं तर आणखी बरं. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सातपट असतो. मीलवर्ममध्ये तो जवळजवळ सतरापट भरतो. म्हणजे नुसते मीलवर्म खाणाऱ्या गेकोचं पोट भरतं, पण हाडं रिकामी होत जातात. शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडातून ते काढून घेतं. आधी जबडा रबरासारखा मऊ होतो, मग पाय वाकतात, बोटं थरथरतात आणि शेवटी चालणं बंद होतं. एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही.

यादीतला एकटाच किडा याला अपवाद आहे. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळीत कॅल्शियम फॉस्फरसच्या अडीचपट असतं. बाकी सगळ्यांवर कॅल्शियमची पावडर भुरभुरावीच लागते. एका डब्यात किडे घ्यायचे, चिमूटभर पावडर टाकायची, डबा हलवायचा आणि लगेच खायला द्यायचे. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नका. त्यात ड जीवनसत्त्वाचं प्रमाण माणसाच्या वजनाच्या हिशेबाने असतं, आणि आपला गेको असतो ५० ते ८० ग्रॅमचा.

किड्याच्या पोटात काय आहे, तेच गेकोच्या पोटात

पार्सलमधून आलेला किडा उपाशी असतो. तो तसाच दिला तर गेकोला मिळतं फक्त टरफल. म्हणून द्यायच्या आधी एक-दोन दिवस किड्यांना नीट जेवू घाला. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला चालेल. पालक टाळा, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. गव्हाचा कोंडा मीलवर्म आणि सुपरवर्मना राहायला चांगला, पण त्यात फॉस्फरस भरपूर असतो, त्यामुळे केवळ कोंड्यावर ठेवलेली अळी लगेच वाढू नका.

आणि आपली संत्री? दुबियांना संत्र्याची फोड भयंकर आवडते. पाण्याची वाटी ठेवली तर पिल्लं त्यात बुडतात, त्यामुळे फोड हाच पाण्याचा चांगला मार्ग. फक्त साल काढून द्या. सालीवर फवारणीचा अंश असू शकतो आणि किड्यासाठी तेवढाही पुरतो.

गेको खात नाही, म्हणजे किडाच नको असतो असं नाही

"तो आता मीलवर्म खात नाही, दुसरं काय देऊ?" हा प्रश्न नेहमी येतो. किडा बदलण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट जमिनीची ऊब. लेपर्ड गेको पोटाखालच्या उबेवर अन्न पचवतो. पिंजऱ्याच्या उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश असावी. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांच्याही खाली जाते. तेव्हा हीटिंग पॅड बंद पडलं असेल तर गेको खाणार नाही, आणि खाल्लं तर ते पोटात कुजेल. अशा वेळी किडा बदलून काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, मोजमाप. तुमचा तापमापक बरोबर दाखवतो ना? मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली आणि देशभर बातमी पसरली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. जे तिथे होऊ शकतं ते दोनशे रुपयांच्या तापमापकाचंही होऊ शकतं. दोन वेगवेगळे तापमापक शेजारी ठेवून बघा.

तिसरी गोष्ट, कात. अंग पांढुरकं पडलं असेल तर दोन-तीन दिवस तो खाणार नाही. हे नैसर्गिक आहे.

चौथी गोष्ट, वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यासारखा ग्रॅम दाखवणारा वेगळा काटा घ्या आणि दर रविवारी वजन लिहून ठेवा. जाड शेपटी ही त्याची तिजोरी आहे, तिच्यातल्या चरबीवर निरोगी मोठा गेको दोन-तीन आठवडे सहज काढतो. पिल्लांकडे मात्र ही शिल्लक नसते, त्यांचे काही दिवससुद्धा महत्त्वाचे. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, शेपटी काडीसारखी झाली किंवा शी पातळ होऊन दुर्गंध येऊ लागला, तर प्रयोग थांबवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथेच आहे. अशा डॉक्टरची चौकशी आजच करून ठेवा, आजार झाल्यावर नको.

बदलाचे चार आठवडे

समजा वरच्या सगळ्या गोष्टी ठीक आहेत आणि तुम्हाला सुपरवर्मवरून दुबियावर यायचं आहे. मोठ्या गेकोला आठवड्यातून दोन-तीनदा खायला लागतं, तो हिशेब धरून चला.

पहिल्या आठवड्यात चार किड्यांत एक नवा, तीन जुने. नवा आधी द्या, कारण भूक तेव्हा जास्त असते. वेळ संध्याकाळी दिवे लागल्यानंतरची, कारण हा प्राणी संधिप्रकाशात शिकार करणारा आहे.

दुसऱ्या आठवड्यात निम्मे-निम्मे.

तिसऱ्या आठवड्यात तीन नवे, एक जुना.

चौथ्या आठवड्यात फक्त नवे. पण जुना किडा पूर्ण बंद करू नका, महिन्यातून एक-दोनदा येऊ द्या. एकाच किड्यावर अडून बसलेला गेको पुढच्या टंचाईत पुन्हा अडेल.

इथे एक अडचण हमखास येते. गेकोची नजर हालचालीवर जाते. सुपरवर्म वळवळतो. दुबिया मात्र धोका दिसला की मेल्याचं सोंग घेतो, नाहीतर कोपऱ्यात शिरतो. गेको बघतो, जीभ लावतो आणि निघून जातो. आपण म्हणतो, "याला आवडलं नाही." खरं तर त्याला ते अन्न आहे हेच कळलेलं नसतं. उपाय साधे आहेत. बोथट टोकाच्या चिमट्यात धरून हळू हलवा. नुकतीच कात टाकलेला पांढरा, मऊ दुबिया द्या. लहान पिल्लं द्या, ती जास्त धावतात. किंवा नवा किडा सुपरवर्मच्या डब्यात तासभर ठेवा, म्हणजे त्याला ओळखीचा वास लागेल.

आकाराचा नियम विसरू नका. गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड किडा नको. आणि उरलेले रातकिडे किंवा सुपरवर्म रात्रभर पिंजऱ्यात मोकळे सोडू नका. भुकेला रातकिडा झोपलेल्या गेकोची बोटं कुरतडतो.

दोन गेको असतील तर एकाच्या पिंजऱ्यातला उरलेला किडा दुसऱ्याला कधीच देऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्याचा परजीवी विष्ठेतून पसरतो आणि किडा त्याचं वाहन बनतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही, गेको खंगत जातो.

नागपूरचं वर्ष, किड्यांच्या नजरेने

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी* हा पार्सलचा काळ. रातकिडे मागवायचे तर याच दिवसांत. रेशीम अळीसाठीही हाच मोसम, कारण तिला २४ ते २८ अंश मानवतात आणि उन्हात ती पटापट रोगाला बळी पडते.

रेशमाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. राज्याचं रेशीम संचालनालय नागपुरातच आहे, त्यामुळे तुती आणि रेशीम शेतीची माहिती जवळच मिळते. पण दोन गोष्टी समजून घ्या. शेतकरी कोष मिळवण्यासाठी अळ्या वाढवतो, त्यामुळे रोग टाळायला अळ्यांवर निर्जंतुक करणारी भुकटी टाकली जाते. अशी अळी गेकोला देऊ नका. अंडी किंवा अगदी लहान अळ्या मिळाल्या तर घरी तुतीच्या स्वच्छ पाल्यावर वाढवा. दुसरं, भंडारा-गडचिरोलीकडची टसरची अळी वेगळी. ती ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते आणि फार मोठी होते. ती आपल्या कामाची नाही.

*मार्च* बदलाचा महिना. वरचे चार आठवडे इथे बसवा.

*एप्रिल ते जूनचा मध्य* घरच्या किड्यांचा काळ. इथे दुबिया कामी येतो. त्याला २८ ते ३२ अंश आवडतात, म्हणजे वर्षातला बराच काळ त्याला नागपुरात वेगळी ऊब लागत नाही. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याला चढता येत नाही, वास कमी, आवाज नाही. पण त्याची वाढ सावकाश असते. पिल्लू मोठं व्हायला चार-सहा महिने लागतात. म्हणजे येणाऱ्या उन्हाळ्यासाठी वसाहत गेल्या पावसाळ्यातच सुरू करायला हवी होती. यंदा नसेल केली तर मार्चमध्येच वेगवेगळ्या आकारांचे तयार दुबिया घेऊन ठेवा आणि पुढच्या वर्षासाठी काही जोड्या बाजूला काढा.

चाळिशीच्या पुढचा पारा मात्र दुबियालाही सोसत नाही. डबा कपाटावर, पत्र्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. जमिनीवर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. कूलरचा झोत थेट डब्यावर नको, ओल धरली की बुरशी येते. मीलवर्म फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काही आठवडे टिकतात, थंडीत त्यांची वाढ थांबते. सुपरवर्म फ्रिजमध्ये मरतात. हा फरक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर ओट्स समजून कोणीतरी उघडेल!

*पावसाळा* फुकटच्या मोहाचा काळ. दिव्याभोवती किडेच किडे, वाळवीचे पंखवाले थवे, गवतात नाकतोडे. वाटतं, पिशवीभर पकडावेत. इथे थोडं थांबा.

२०२० च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती-वर्धा करत काटोलपर्यंत आली होती. गेकोवाल्याला ते आयतं जेवण वाटेल. पण टोळधाड येते तिथे कीटकनाशकाची फवारणीही होते. विदर्भात कापूस, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा आहेत, आणि फवारणी किती जहाल असते ते २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. जे माणसाला सोसलं नाही ते साठ ग्रॅमच्या जिवाला काय सोसणार? शहरातही डासांची धुरळणी होते, घरात खडू आणि जेल लावलं जातं. त्यामुळे बाहेरचा किडा नको. मोरीतलं झुरळ तर नकोच नको.

आणि काजवा चुकूनही नको. काही जातींच्या काजव्यांत हृदयावर घाव घालणारं विष असतं आणि एकाच काजव्याने पाळीव सरडे मेल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. पावसाच्या तोंडावर खिडकी उघडी आणि पिंजऱ्याचं झाकण सैल, हे दोन्ही एकत्र नको.

*ऑक्टोबर* तयारीचा. दुबियांची संख्या मोजा, कॅल्शियमच्या डब्याची तारीख बघा. पावसात त्या पावडरीच्या गुठळ्या झाल्या असतील तर नवी घ्या.

घरच्यांचं काय?

झुरळं आणि अळ्यांच्या विष्ठेची, कातीची धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते. घरात कोणाला दमा असेल तर डबे त्या खोलीत नकोत, साफ करताना मास्क लावा. गेकोच्या अंगावर सालमोनेला असू शकतो. म्हणून हात साबणाने धुवा, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये घासू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याला हाताळू देऊ नका. जास्त झालेले दुबिया गटारात किंवा बागेत सोडू नका, ते आपल्या मातीतले नाहीत. डबा दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मगच टाका.

कायद्याचे दोन शब्द

सातपुड्यातून २०१४ मध्ये लेपर्ड गेकोची एक नवी प्रजाती शास्त्रज्ञांनी नोंदवली, तिच्या नावातच सातपुडा आहे. म्हणजे हा प्राणी आपल्या रानाचाही आहे. रानातला गेको उचलून आणू नका, आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. परदेशी प्रजातींसाठी वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस यादीतल्या प्रजाती पाळणाऱ्यांना परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. टोके गेको, मादागास्करचे डे गेको हे त्या यादीत आहेत. तुमची प्रजाती कुठे बसते ते वन विभागाकडून खात्री करून घ्या.

आता जाता जाता क्रेस्टेड गेकोबद्दल, कारण त्याच्याविषयीही विचारणा असते. तो न्यू कॅलेडोनियाचा. फळांची तयार पावडर पाण्यात कालवून खातो, त्यामुळे किड्यांची कटकट कमी. पण २८ अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. ज्या घरात मे महिन्यात दिवसरात्र एसी चालत नाही, तिथे नागपुरात तो आणूच नये. खाणं सोपं म्हणून प्राणी निवडला आणि हवाच सोसली नाही, तर ते सोपं खाणं काय कामाचं?

या आठवड्याचं काम एवढंच : गेकोचं वजन करा, किड्यांचा साठा मोजा आणि जूनच्या मध्यापर्यंत तो पुरतो का ते बघा. पुरत नसेल तर पहिला नवा किडा याच आठवड्यात ताटात येऊ द्या. काही अडलं तर वजनाचे आकडे आणि पिंजऱ्याचं तापमान सोबत लिहून पाठवा. त्याशिवाय उत्तर देणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे होईल.

भेटूया पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा आणि पिंजऱ्यातली पाण्याची वाटीही भरा.